सरांविरुद्ध अपील

वर्ग सुरू करण्याआधी आमचे सर परवानगी मागत. हजेरी झाली की चष्मा पुसायचे, आमच्याकडे बघायचे आणि विचारायचे, "शुरू करें?" आणि मग खरोखरच थांबायचे. बाकीचे प्राध्यापक हे शब्द घसा साफ केल्यासारखे वापरतात, सरांना उत्तर हवं असायचं. कुणी काहीच बोललं नाही तर ते म्हणत की गप्प बसणं म्हणजे संमती आहे की नाही यावर पुढे आपल्याला एक अख्खा तास घालवायचा आहे, तोपर्यंत तोंडाने हो म्हणा.

एकदा मागच्या बाकावरच्या एका मुलीने चक्क 'नहीं' म्हटलं. सगळे हसले. सरांनी शांतपणे कारण विचारलं. तिने सांगितलं की लहानपणापासूनचा घरचा कुत्रा पहाटे गेला, घरात बसवेना म्हणून ती कॉलेजला आली होती. सरांनी पुस्तक मिटलं आणि खुर्ची ओढून बसले. तो तास आम्ही सगळे तसेच बसून राहिलो. बाहेर लॉनवर कुणीतरी गिटार शिकत होतं, तेच तेच तीन सूर ऐकू येत होते. घंटा झाल्यावर सरांनी तिला विचारलं की उद्या सुरू केलं तर चालेल का. ती हो म्हणाली.

सर आम्हाला राज्यशास्त्र शिकवायचे. राजकीय सिद्धांत त्यांचा जुना विषय, भारतीय शासन आणि राजकारण हाही पेपर बरीच वर्षं त्यांच्याचकडे होता. मराठी माणूस, पण जन्म, शाळा, नोकरी सगळं दिल्लीत. वर्गात हिंदी-इंग्रजी आणि व्हरांड्यात माझ्याशी मराठी, त्यातही दर दुसऱ्या वाक्याला 'बिल्कुल'. ते सगळ्यांना 'आप' म्हणायचे. विद्यार्थ्यांना, शिपायांना, कॅन्टीनच्या दारात आडव्या पडलेल्या कुत्र्यालाही. "आप ज़रा हटेंगे?" असं ते त्या कुत्र्याला विचारत आणि तो हलला नाही तर स्वतः वळसा घालून जात. ऑटोवाल्याला पत्ता सांगण्याआधी विचारायचे, आपको जाना है? बहुतेक ऑटोवाले घाबरून निघून जायचे.

मी फौजीची मुलगी. पप्पा सुभेदार, गाव सातारा जिल्ह्यात, पण मी वाढले कॅन्टोन्मेंटच्या क्वार्टर्समध्ये, दर तीन वर्षांनी वेगळ्या शहरात. आमच्या घरातही परवानगी मागितली जायची, पण खालून वर. वरचा माणूस खालच्याला विचारतो आणि उत्तराची वाट बघतो, हे मी सरांच्या वर्गात पहिल्यांदा पाहिलं आणि मला ते चमत्कारिक वाटलं. पहिले काही महिने माझी खात्री होती की हा माणूस आमची थट्टा करतोय.

पहिल्या वर्षीचा पहिलाच तास. जुलैची उकाड्याची सकाळ, वर्गात दोन पंखे आणि त्यातला एक बंद. सरांनी फळ्यावर काही लिहिलं नाही. म्हणाले की आज विषय असा, पंख्याखाली कोण बसणार ते तुम्ही ठरवा, मी मागे बसतो. आधी येऊन पंख्याखालची जागा धरणाऱ्यांनी सांगितलं की जो आधी येईल तो बसेल. लांबच्यांनी मतदान मागितलं, कारण लांबचे संख्येने जास्त होते. पंख्याखालच्यांनी मतदानाचा निकाल मानायला नकार दिला. मग एका मुलीने सांगितलं की तिला दमा आहे, तिचं काय? भांडण आठवडाभर चाललं. शेवटी रांगा बदलत राहायचं ठरलं आणि दमा असलेल्या मुलीला कायमची जागा मिळाली.

शनिवारी सर उठले. शाबासकी देतील असं आम्हाला वाटलं. त्यांनी विचारलं, या सगळ्यात एकदाही कोण बोललं नाही? मी बोलले नव्हते. त्यांनी मला विचारलं की तुम्हाला हवा नको होती का. मी म्हटलं, जी जागा मिळेल ती चालेल. तास संपल्यावर व्हरांड्यात त्यांनी मला गाठलं आणि मराठीत म्हणाले, "जी मिळेल ती चालेल, हे वाक्य तीन वर्षांत तुमच्या तोंडातून गेलं पाहिजे. बाकी पास-नापास तुम्ही बघा."

कधी कधी ते आम्हाला कॉलेजबाहेर न्यायचे. मुनिरकाच्या एका चौकात सिग्नल बंद पडल्याचं कुणीतरी सांगितलं, तर सर अख्खा वर्ग घेऊन तिथे. वर कुणाची सत्ता नसताना माणसं कशी वागतात ते समोर दिसतंय म्हणाले, बघा. आम्ही बघितलं. सगळे एकाच वेळी चौकात घुसले होते आणि हॉर्न वाजवत होते. थोड्या वेळाने सरांना राहवेना. ते स्वतः मध्ये उतरले आणि एकेका गाडीच्या काचेशी वाकून विचारायला लागले की आपण थांबाल का, यांना आधी जाऊ द्याल का. त्यामुळे कोंडी दुप्पट झाली. शेवटी ट्रॅफिक पोलीस आला आणि त्याने सरांना दंडाला धरून फुटपाथवर आणून सोडलं. सरांचा चेहरा आनंदाने फुलला होता. "पाहिलंत? मी इतका वेळ विनवत होतो, एक जण ऐकेना. यांनी नुसता हात वर केला. ह्याला म्हणतात वैधता." पोलिसाने विचारलं, ये साहब ठीक हैं ना?

'लोक म्हणतात' किंवा 'जनतेला असं वाटतं' हे त्यांच्यासमोर म्हणायची सोय नव्हती. लगेच विचारायचे, कुठले लोक? दोन नावं सांगा. उत्तरपत्रिकेतही समासात लाल शाईने तेवढंच लिहायचे, 'दोन नावं?' निवडणुकीच्या दिवसांत स्टाफरूममध्ये मोठमोठ्याने चर्चा चालायच्या आणि सर एका बाजूला डबा खात बसलेले असायचे. कुणी म्हणालं की अमुक जातीचे लोक अमुक पक्षाला मत देणार, की सर मान वर करायचे. त्यांनी तोंड उघडायच्या आत समोरचा माणूस विषय बदलायचा.

त्यांचं घर मयूर विहारच्या एका सोसायटीत. विद्यार्थ्यांना तिथे कधीही जायची मुभा होती. मी पहिल्यांदा गेले तेव्हा काकूंनी, म्हणजे सरांच्या बायकोने, मला आत स्वयंपाकघरात बसवून घेतलं आणि त्यांच्या लग्नाची गोष्ट सांगितली. "पाहण्याच्या कार्यक्रमात यांनी मला बाजूला बोलावून विचारलं, तुमची खरंच इच्छा आहे ना? मी हो म्हटलं. साखरपुड्याला परत तेच, लग्नाच्या आदल्या दिवशी परत. इतक्या वेळा विचारलं की शेवटी मलाच शंका यायला लागली." बाहेरून सर म्हणाले की ते सगळं ऐकू येतंय. काकू म्हणाल्या, ऐका.

या सगळ्या मऊपणात एक गोष्ट मात्र दगडासारखी होती, ती म्हणजे हजेरी. सकाळचा पहिला तास त्यांचा असायचा. सुरुवातीच्या दहा मिनिटांत ते नावं घ्यायचे, त्यानंतर येणाऱ्याला हसून आत घ्यायचे, पण हजेरी लावायचे नाहीत. बाकीचे बरेच प्राध्यापक सेमिस्टर संपताना सगळ्यांची हजेरी पुरेशी करून टाकायचे, सरांकडे ते होत नसे. एका मुलाने एकदा फारच गयावया केली, तेव्हा त्यांनी वर्गाला सांगितलं की कागदावर दया करायची नसते, कागदावर फक्त जे झालं ते लिहायचं. दया करायला माणसं आहेत.

मी तिसऱ्या वर्षाला होते त्या हिवाळ्यात पप्पांचं पोस्टिंग सीमेवर होतं आणि आम्ही तिघं, आई, धाकटा भाऊ आणि मी, क्वार्टरमध्ये मागे राहिलो होतो. दिवाळीनंतर आईला कावीळ झाली. आधी डॉक्टर घरीच विश्रांती घ्या म्हणाले, मग लष्करी इस्पितळात दाखल करून घेतलं. सकाळी उठून बिनतेलाचा स्वयंपाक, भावाचा डबा, त्याला शाळेच्या बसमध्ये बसवणं, इस्पितळात आईला गरम काही देऊन येणं, हे सगळं उरकून मी धुरक्यातून मेट्रो गाठायची आणि कॉलेजला पोचायची तेव्हा सरांचा तास अर्धा झालेला असायचा. कधी पोचायचीच नाही. सर दारातल्या मला बघून 'आइए, आइए' म्हणायचे आणि शिकवत राहायचे. मी कुणालाच काही सांगितलं नाही. घरातलं बाहेर सांगायचं नाही, हे आम्हाला सवयीचं होतं. पप्पांनाही फोनवर आई 'ठीक आहे' एवढंच सांगायला लावायची.

आई बरी होऊन घरी आली. डोळ्यांतला पिवळेपणा गेला, आणि मला वाटलं की सुटलो एकदाचे. त्याच आठवड्यात कॉलेजच्या नोटीसबोर्डावर हजेरी कमी पडलेल्यांची यादी लागली. त्यात माझं नाव होतं, फक्त सरांच्या पेपरसाठी. परीक्षेला बसता येणार नव्हतं, म्हणजे तो पेपर पुढच्या वर्षी. आणि पुढच्या वर्षी आम्ही दिल्लीत नसणार होतो. पप्पा उन्हाळ्यात रिटायर होणार, क्वार्टर सोडावं लागणार, सगळे गावी जाणार होतो. एका पेपरसाठी मला दिल्लीत एकटीला कुणी ठेवलं नसतं. गावात माझ्यासाठी स्थळं बघायला सुरुवात झालेलीच होती. डिग्री हातात असती तर मी एम.ए.साठी हट्ट धरू शकले असते. अर्धवट डिग्रीवर कसला हट्ट?

मी सरांच्या खोलीत गेले आणि पहिल्यांदाच सगळं सांगितलं. आईचं, इस्पितळाचं, क्वार्टरचं. सांगताना रडले. सर ऐकत राहिले. त्यांचा चेहरा उतरला होता.

"हे मला आधी का नाही सांगितलंत?"

"तुम्ही विचारलं नाहीत, सर."

हे मी तक्रारीच्या सुरात म्हटलं नव्हतं. पण सरांनी हजेरीचं रजिस्टर पुढे ओढलं आणि माझ्या नावाची ओळ काढली. मग म्हणाले, "हजेरी मी बदलणार नाही. तुम्ही वर्गात नव्हतात, आणि मी तेच लिहिलंय. पण माझ्या निर्णयावर प्रिन्सिपलकडे अपील करता येतं. तुम्हाला करायचंय का?"

मला राग आला. मी म्हटलं की तुमच्याच विरुद्ध अपील मी कसं करू, आणि मला ते लिहितासुद्धा येत नाही. सर खुर्चीतून उठले, दार लावून घेतलं आणि म्हणाले, "लिहायला मी शिकवतो. तोच तर माझा विषय आहे."

पुढचे तीन-चार दिवस दुपारी मी त्यांच्यासमोर बसून त्यांच्याच विरुद्ध लिहीत होते. पहिल्या मसुद्यात मी 'कृपा करावी' असं लिहिलं होतं. सरांनी ते खोडलं. कृपा मागायची नाही, कारण मागायचं. दुसऱ्या मसुद्यात मी त्यांच्याबद्दल फार आदराने लिहिलं होतं, तेही खोडलं. मग त्यांनी कॉलेजची नियमावली माझ्यासमोर टाकली आणि म्हणाले, ज्याच्याविरुद्ध अपील करतोय त्याने स्वतः नियम पाळले का, ते आधी शोधायचं. मी वाचत गेले. एका पानावर होतं की प्रत्येक शिक्षकाने दर महिन्याला हजेरी नोटीसबोर्डावर लावावी, म्हणजे विद्यार्थ्याला वेळेत कळेल. मी मान वर केली. सरांनी त्या सेमिस्टरमध्ये एकदाही लावली नव्हती. सर माझ्याकडेच बघत होते.

"लिहू?"

"बिल्कुल लिहा."

अपील दिल्यावर ते ऐकायला नेमलेल्या समितीसमोर आम्हाला बोलावलं त्या दिवशी बाहेर इतकं धुकं होतं की प्रिन्सिपल मॅडमच्या खोलीत दिवसा दिवे लावलेले होते. मॅडम, दोन ज्येष्ठ प्राध्यापक आणि ऑफिसचे सुपरिटेंडेंट टेबलापलीकडे, सर त्यांच्याच बाजूला आणि मी अलीकडे एकटी. मॅडमनी सरांना विचारलं की तुमचं म्हणणं काय. सर म्हणाले की हजेरीची नोंद बरोबर आहे, तिच्यावर मी ठाम आहे. मग त्यांनी विचारलं, मी आता पलीकडे जाऊन बसू का? मॅडमना काही कळलं नाही, पण त्यांनी मान हलवली. सर उठले, टेबलाला वळसा घालून आले आणि माझ्या शेजारच्या खुर्चीत बसले.

तिथून ते हिंदीत बोलले, फार नाही. नियम दोघांवर बंधनकारक असतो, म्हणाले. विद्यार्थिनीने पाळला नाही, तिला शिक्षा मिळाली. शिक्षकाने पाळला नाही, त्याचं काय? दर महिन्याला हजेरी बोर्डावर लावायची होती, ती मी लावली नाही. लावली असती तर ही मुलगी महिन्याभरातच माझ्याकडे आली असती आणि काही व्यवस्था झाली असती. मग त्यांचा आवाज खाली गेला. "आणि एक गोष्ट नियमात नाही, पण सांगतो. ही रोज तास अर्धा झाल्यावर धापा टाकत येत होती. मी रोज आत या म्हणालो. का उशीर होतो, हे मी एकदाही विचारलं नाही."

एका प्राध्यापकांनी विचारलं की म्हणजे तुमची चूक झाली, असं नोंदवायचं का? सर म्हणाले, हो, नोंदवा. मॅडम म्हणाल्या की विचार करा, ते तुमच्या फाईलला लागेल. सर म्हणाले की लागणारच, फाईल त्यासाठीच असते. मग मॅडमनी मला विचारलं की तुला काही म्हणायचंय का. मी घसा खाकरला आणि म्हटलं की मला या वर्षीच परीक्षेला बसायचं आहे आणि मी तयारी केलेली आहे. एवढंच बोलले, पण आवाज कापला नाही.

निकाल दुसऱ्या दिवशी लागला. मला परीक्षेला बसायची परवानगी मिळाली. एवढंच नव्हे, ज्या ज्या शिक्षकांनी महिन्याची हजेरी लावली नव्हती त्यांच्या यादीतल्या सगळ्याच मुलांना मिळाली, आणि तसे शिक्षक बरेच निघाले. व्हरांड्यात मुलं एकमेकांना मिठ्या मारत होती. मी घरी फोन केला. आईने मोठा श्वास सोडल्याचं ऐकू आलं, आणि मग म्हणाली की संध्याकाळी लवकर ये, आज तेलातली भाजी करते.

पण स्टाफरूममध्ये सरांशी बोलणं लोकांनी बंद केलं. आपल्याबरोबर सगळ्यांना उघडं पाडलं, असा त्यांच्यावर राग होता. सरांना लेखी समज देण्यात आली. त्या उन्हाळ्यात व्हाइस प्रिन्सिपलची जागा रिकामी होणार होती आणि ज्येष्ठतेने ती सरांचीच, हे कॉलेजात सगळे धरून चालले होते. ती त्यांच्यानंतरच्या बाईंना मिळाली. ही बातमी मला रिझल्टच्या दिवशी कळली. मी चांगल्या मार्कांनी पास झाले होते, पप्पांनी एम.ए.ला हो म्हटलं होतं, होस्टेलही मिळालं होतं, आणि तरी त्या दिवशी मला सरांना भेटायला जायचं धैर्य झालं नाही. फोनवर आभार मानले. नंतर शिकत राहिले, नेट परीक्षा पास झाले, तासिका तत्त्वावर इथे-तिथे शिकवत राहिले. दरवर्षी शिक्षकदिनाला त्यांना मेसेज करायची. मयूर विहारवरून मेट्रो गेली की वाटायचं, उतरावं, पण समोर बसून काय बोलणार?

मागच्या मार्चमध्ये मला फरिदाबादच्या एका कॉलेजात कायमची नोकरी मिळाली. तेव्हा मात्र पेढे घेऊन गेले. सर आता रिटायर झालेत, केस पूर्ण पांढरे, पण चष्मा पुसायची सवय तीच. दारात मला म्हणाले, "या. तुम्हाला वेळ आहे ना? की मी बसवून घेतोय?" काकूंनी पोहे आणले. आता शिकवता काय, मुलं कशी आहेत, त्यांची हजेरी किती असते, सगळं विचारून झालं. मग मी पेढ्यांचा बॉक्स बाजूला सरकवला आणि इतकी वर्षं मनात घोळवलेलं एकदाचं बोलून टाकलं. माझ्यामुळे तुमची व्हाइस प्रिन्सिपलची जागा गेली, सर.

सरांनी काकूंकडे बघितलं. काकूंनी सरांकडे बघितलं. आणि काकूंना हसू फुटलं.

"अगं, त्या जागेच्या नुसत्या विचारानेच यांची झोप गेली होती. दोन महिने ॲसिडिटी. टाइमटेबलं, टेंडरं, दिवसभर मीटिंगा. आणि सगळे अभिनंदन करत होते, माझा भाऊ तर नागपूरहून फोन करून करून थकला. यांना नको म्हणवेना. ते समज दिल्याचं पत्र आलं ना, त्या दिवशी दुपारीच घरी आले. दोनदा वरणभात मागून जेवले आणि झोपले. दुपारी कधी न झोपणारा माणूस, पार दिवेलागणीपर्यंत घोरत होता. मी आधी घाबरले, मग पांघरूण घातलं."

मी सरांना विचारलं की म्हणजे त्या दिवशी समितीसमोर तुम्हाला हे माहीत होतं का?

"बिल्कुल नाही," सर म्हणाले. "तेव्हा जे खरं होतं ते बोललो. जागा जाईल हे पत्र आल्यावर कळलं." मग पोह्यातली मिरची बाजूला काढत जरा ओशाळून म्हणाले, "ती मला नको होती. पण मला कुणी विचारलं नाही, आणि मीही सांगितलं नाही."

मला हसायला यायला लागलं. आधी थोडं, मग थांबेचना. डोळ्यांतून पाणी आलं, हातातली पोह्यांची डिश खाली ठेवावी लागली. सर गोंधळून एकदा माझ्याकडे, एकदा काकूंकडे बघत होते. पाणी देऊ का, असं त्यांनी विचारलं.

काकू म्हणाल्या, "राहू द्या. हसू दे तिला."